एरंडेल केसांना काय देतं आणि मुळांना काय देत नाही

‘रात्री एरंडेल चोळा, महिन्याभरात नवे केस बघा’ असं सांगणारे व्हिडिओ सध्या प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन पडतात. बेळगाव सीमाभागातल्या घरांत तर हा दावा तीनदा ऐकू येतो. सुनेच्या मोबाईलवर मराठीत, शाळेतल्या पोरीच्या मोबाईलवर कन्नडमध्ये, दिराच्या मोबाईलवर हिंदीत. तीन तोंडांनी तीच गोष्ट ऐकली की खरी वाटायला लागते.

त्यात एरंडेल आपल्याला नवखं नाही. खानापूर असो की चिकोडी, बांधावर एरंडाचं झाड आपोआप उगवलेलं असतं. तूर, गहू, तांदूळ वर्षाचे भरून ठेवताना त्याला एरंडेलाचा हात लावायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. बाळाच्या टाळूवर हेच तेल, पोट साफ करायला चमचाभर हेच तेल. बाजारात मराठीत एरंडेल मागा नाहीतर कन्नडमध्ये औडल एण्णि, दुकानदार एकच बाटली पुढं करतो. ओळखीच्या वस्तूवर माणूस पटकन विश्वास टाकतो. म्हणून या तेलात काय आहे, ते केसांवर कसं काम करतं आणि कुठं त्याचा हात पोचत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण चुकीच्या आशेपायी वाया जातात ते पैसे थोडे असतात, पण उपचाराचे महिने हातचे जातात.

तेलात नेमकं आहे काय?

कुठलंही तेल म्हणजे वेगवेगळ्या स्निग्धाम्लांची बेरीज असते. स्निग्धाम्ल म्हणजे तेलातला मूळ घटक. शेंगतेल, करडई, सूर्यफूल, खोबरेल यांचे गुण वेगळे असतात ते या घटकांच्या प्रमाणामुळे. एरंडेलाची गोष्ट यांत निराळी आहे. त्यातला साधारण ८५ ते ९० टक्के भाग एकाच घटकाचा असतो, रिसिनोलेइक आम्लाचा. स्वयंपाकाच्या कुठल्याच तेलात हा घटक एवढ्या प्रमाणात नसतो.

या आम्लाच्या रचनेत ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जादा जोडी असते. त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेल दाट, चिकट होतं. शेंगतेलापेक्षा ते दसपटीच्या आसपास दाट भरतं. तळहातावर दोन थेंब घेऊन बोटं उघडमीट केली तर मधे बारीक तार धरते. या दाटपणामुळे पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, आणि पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांच्या इंजिनांतही वंगण म्हणून हेच तेल होतं. पृष्ठभागावर थर धरून राहणं हा या तेलाचा मूळ गुण आहे. केसांवरही ते तेच करतं.

पोटात गेल्यावर मात्र हेच आम्ल वेगळं वागतं. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवर ते कशा मार्गानं परिणाम करतं हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झालं. म्हणून जुलाबासाठी ते चालतं आणि म्हणूनच गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पिऊ नये. ‘केसांसाठी आतूनही घ्या’ असं कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका. पोटात गेलेल्या एरंडेलाचा केसांशी काही संबंध नाही.

बी विषारी, मग तेल कसं चालतं?

ही शंका बरोबर आहे आणि ती विचारायलाच हवी. एरंडीच्या बीत रिसिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. चावून खाल्लेल्या थोड्या बियाही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. पण रिसिन हे प्रथिन आहे. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. बी दाबून तेल काढलं की विष पेंडीत राहतं. म्हणून कच्ची एरंडीची पेंड गुरांना घालत नाहीत, शेतात खत म्हणून टाकतात. शिवाय चांगल्या उष्णतेनं रिसिन निकामी होतं.

गावाकडं घरी तेल काढायची जुनी रीत बघितली तर त्यात ही काळजी आपसूक घेतली जाते. बिया खापरात भाजायच्या, उखळात कुटायच्या, तो लगदा भरपूर पाण्यात टाकून चुलीवर शिजवायचा. बऱ्याच वेळानं वर तवंग जमतो. तो पळीनं अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायचा आणि परत आचेवर ठेवायचा. आधी तडतड आवाज येत राहतो, कारण तेलात पाण्याचा अंश असतो. तडतड थांबली की तेल तयार. भाजल्यामुळं या तेलाचा रंग तपकिरी येतो आणि वासही उग्र असतो.

हल्ली ‘काळं एरंडेल’ म्हणून महागडी बाटली विकली जाते. तो काळेपणा भाजण्याचा आणि कधीकधी त्यात मिसळलेल्या राखेचा असतो. गडद रंगाच्या तेलानं केस जास्त वाढतात याला काही आधार नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं फिकट पिवळं, लेबलवर ‘आय. पी.’ लिहिलेलं साधं एरंडेल केसांसाठी तितकंच चांगलं आहे. ‘आय. पी.’ म्हणजे ते भारतीय औषधकोशाच्या कसोटीनुसार बनवलेलं आहे. ‘एरंडेलयुक्त’ हेअर ऑईल घेत असाल तर मागची यादी वाचा. पहिलं नाव लिक्विड पॅराफिनचं असेल तर बाटलीत मुख्यतः खनिज तेल आहे आणि एरंडेल नावापुरतं.

एक गोष्ट मात्र करू नका. बिया मिक्सरमध्ये वाटून त्याचा लेप डोक्याला लावायचा सल्ला काही जण देतात. त्या वाटणात विष जसंच्या तसं असतं, ते डोळ्यात, तोंडात, घरातल्या पोराच्या हाताला लागू शकतं. एरंडीच्या धुळीची ॲलर्जी होऊन दमा उठणारी माणसंही असतात. मुलानं बी चावली असा संशय जरी आला तरी उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा. त्रास कित्येक तासांनी सुरू होऊ शकतो.

केस वाढतो कुठं?

विंचरताना हातात येतो तो केस निर्जीव असतो. नखासारखंच ते केराटिन नावाचं प्रथिन आहे. जिवंत आहे ते टाळूच्या कातडीत काही मिलिमीटर खोल असलेलं मूळ. त्या मुळाला रक्त पोचतं, त्यातून लोह, प्रथिनं, संप्रेरकं पोचतात आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वर सरकतो. डोक्यावर अशी लाखभर मुळं असतात.

आपल्या भागात ऊस सगळ्यांनी बघितलाय, त्यावरून हे चटकन कळेल. ऊस तोडला तरी जमिनीत खोड राहतं आणि त्यातून खोडवा फुटतो. केसाचं मूळही तसंच आहे. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते, मग मूळ तीनेक महिने विसावा घेतं आणि जुना केस गळून त्याच जागी नवा फुटतो. फरक एवढाच की फडातला ऊस एकदम तुटतो आणि डोक्यावरच्या प्रत्येक मुळाचा हंगाम वेगळा असतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हे रोगाचं लक्षण नाही. उसाच्या पानांना तेल पुसलं तर पानं तुकतुकीत होतील, खोडव्याला त्यातून काही मिळणार नाही. खोडव्याला पाणी लागतं, खत लागतं, आणि मुळं खाणारी हुमणी अळी लागली असेल तर तिचा बंदोबस्त लागतो.

आता टायफॉइड, डेंगू, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा कडक उपास यांचा धक्का शरीराला बसला की बरीच मुळं एकाच वेळी विसाव्यात जातात. केस मात्र तेव्हा गळत नाहीत. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, मुठीनं. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष जातो शाम्पूला, नाहीतर बोअरच्या पाण्याला. चांगली गोष्ट ही की अशी गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस थोड्या दिवसांत झडू लागले, तेव्हा आपल्याकडंही मोबाईलवर घबराट पसरली होती. पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक तिथं गेलं, आणि महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणाकडं बोट दाखवलं. शोध घेणाऱ्यांना रक्त, पाणी, धान्य तपासावं लागलं, कारण मुळाचं दुखणं बहुतेक वेळा शरीराच्या आतून येतं.

मग एरंडेल करतं तरी काय?

केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले अतिशय बारीक पापुद्रे असतात. ऊन, धूळ, कडक पाणी, ओढून घातलेली वेणी, रंग, इस्त्री यांनी ते उचकटतात. मग केस रखरखीत दिसतो, गुंततो आणि मधेच तुटतो. एरंडेलाचा पातळ थर या पापुद्र्यांना खाली बसवतो. केस घसरतो, चमकतो, विंचरताना कमी तुटतो. हा फायदा खरा आहे. मधेच तुटणारे केस टिकले की लांबी राखली जाते, आणि तेवढ्यावरून ‘केस वाढले’ असं प्रामाणिकपणे वाटू शकतं. थरामुळं प्रत्येक केस किंचित जाड भासतो, त्यामुळं भुवया आणि विरळ केस भरल्यासारखे दिसतात. डोकं धुतलं की तो भरलेपणा जातो.

केसाच्या आत शिरण्याच्या बाबतीत खोबरेल पुढं आहे. २००३ साली भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. केसातलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण त्या तिघांत फक्त खोबरेलानं ठळकपणे कमी झालं, कारण त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं आत शिरतो. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते हे ध्यानात ठेवावं, पण निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे. एरंडेलाची ताकद बाहेरच्या थरात आहे.

केस उगवण्याबद्दलचे पुरावे बघायचे तर २०२२ मध्ये एका त्वचारोग नियतकालिकात खोबरेल, एरंडेल आणि आर्गन तेलावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. एरंडेलानं केसांची चमक वाढते याला कमकुवत आधार सापडला. नवे केस येतात याला भक्कम आधार सापडला नाही.

‘पण शास्त्रज्ञच म्हणतात ना, ते हार्मोन रोखतं?’

हा दावा व्हिडिओंमध्ये मोठ्या झोकात येतो, म्हणून जरा तपशीलात जाऊ. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांना टक्कल पडलेल्या पुरुषांच्या टाळूत प्रोस्टाग्लँडिन डी-२ नावाचं हार्मोनसारखं रसायन जास्त आढळलं. ते केसांच्या वाढीला अडवतं असंही दिसलं. पुढं संगणकावर वेगवेगळ्या वनस्पतिजन्य रेणूंची चाचपणी झाली आणि रिसिनोलेइक आम्ल या रसायनाची निर्मिती रोखू शकेल असा अंदाज निघाला. हा अंदाज संगणकाचा होता. माणसाच्या डोक्यावर तेल लावून, मुळं मोजून ते सिद्ध झालेलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे याच रसायनाचा मार्ग अडवणारी एक गोळी खास बनवून पुरुषांवर तपासली गेली. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, आणि तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिनं काही जास्त केलं नाही. थेट रक्तातून जाणाऱ्या औषधाला जे जमलं नाही, ते कातडीवर चोळलेल्या दाट तेलाला जमेल असं मानायला आज जागा नाही.

‘आमच्या आजीचे केस कमरेखाली होते, ती हेच लावायची’

आजीचे केस तसे होतेच, त्यात शंका नको. पण आजीनं रंग लावला नव्हता, इस्त्री फिरवली नव्हती, आठवड्यातून एकदा शिकेकाईनं डोकं धुतलं आणि केस कायम वेणीत किंवा अंबाड्यात राखले. केस किती लांब होणार हे मुळाची वाढ किती वर्षं चालते यावर ठरतं, आणि तो कालावधी बराचसा आई-वडिलांकडून येतो. आजीच्याच जावेनं, त्याच घरात, तेच तेल लावून केस खांद्यापर्यंतच राहिलेले असतात. तिची गोष्ट कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप असतो, ‘मी स्वतः लावलं आणि गळती थांबली.’ तापानंतरची गळती सुरू झाली की माणूस घाबरून महिनाभर सगळं करून बघतो आणि शेवटी एरंडेलावर येतो. तोवर मुळांचा विसावा संपत आलेला असतो. गळती थांबणारच होती, श्रेय मिळतं तेलाला. अनुभव खोटा नसतो, त्याचं कारण वेगळं असतं.

लावायचं तर कसं?

नुसतं एरंडेल लांब केसांना लावू नका. एक वाटा एरंडेल, तीन-चार वाटे खोबरेल, एवढं पुरे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, थंडीत इथं खोबरेल बाटलीत थिजून बसतं आणि एरंडेल तसंच ओतलं जातं. म्हणून डिसेंबरात बाटली गरम पाण्यात ठेवून, मिश्रण एकजीव झालं की मगच वापरा. थेट गॅसवर तेल तापवून टाळूला लावल्यानं कातडी भाजते.

पहिल्यांदा लावत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. खाज, लाली आली नाही तर चमचा-दीड चमचा मिश्रण घेऊन कानाच्या खालच्या केसांपासून टोकापर्यंत लावा. टोकं सगळ्यात जुनी आणि जीर्ण असतात, तेल तिथं हवं. धुण्याआधी एक-दोन तास ठेवलं तरी काम होतं, रात्रभर उशी माखायची गरज नाही.

धुण्याची रीत लावण्याच्या रीतीपेक्षा महत्त्वाची आहे. २०१७ साली केसांच्या विकारांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या वीसेक वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तिनं लांब केसांना एरंडेल आणि खोबरेल लावून डोकं धुतलं, आणि धुता धुताच सगळे केस दगडासारखा घट्ट गोळा होऊन बसले. ते सुटले नाहीत, शेवटी कापावे लागले. असं क्वचित घडतं, पण दाट तेल, लांब केस आणि डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळणं एकत्र आलं तर घडू शकतं. म्हणून आधी मोठ्या दातांच्या फणीनं गुंता काढा. मग न भिजवलेल्या तेलकट केसांवरच थोड्या पाण्यात कालवलेला शाम्पू लावा आणि नंतर पाणी ओता. केस खाली सोडलेले ठेवा, वरून खाली हात फिरवा. अथणी-गोकाककडं बोअरचं पाणी जड असतं, तिथं साबणानं तेल निघत नाही, उलट साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. तिथं शाम्पू किंवा रिठा बरा.

कोंडा, चाई, नायटा: इथं तेल बाजूला ठेवा

कोंड्याला ‘टाळू कोरडी पडली’ समजून एरंडेल चोळणं ही आपल्याकडची सर्वांत पसरलेली चूक. चिकट, पिवळसर कोंडा बहुधा टाळूवरच्या एका बुरशीमुळं वाढतो आणि ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते. तेलानं खपल्या मऊ होऊन दोन दिवस बरं वाटतं, मग कोंडा आणखी जोमानं येतो. त्याला बुरशीविरोधी औषधी शाम्पू लागतो.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला की आपल्याकडं ‘चाई लागली’ म्हणतात आणि कीड केस खाते असं समजतात. तिथं कीड नसते. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, लहान चट्टा कितीदा आपोआप भरून येतो, पसरत असेल तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मलम देतात. मुलाच्या डोक्यावर खपल्या, खाज आणि तुटके केस असतील तर तो नायटा असू शकतो. तो मात्र लागतो, घरात भावंडांना होतो, आणि त्याला पोटातून घ्यायचं औषध लागतं. वरून तेल लावून महिने काढले तर मुळं कायमची मरू शकतात.

पुरुषांचं कपाळ मागं सरकत असेल किंवा बायकांचा भांग रुंदावत असेल तर ती आनुवंशिक गळती असण्याची शक्यता जास्त. यावर मिनॉक्सिडिलसारखी तपासलेली औषधं आहेत. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती थोडी वाढू शकते, आणि थांबवलं की फायदा ओसरतो. मूळ बारीक होत जाऊन बंद पडण्याआधी सुरुवात केली तर उपयोग जास्त. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते स्वतःहून घेऊ नये.

बायकांच्या बाबतीत आणखी एक तपासणी आधी करावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. पाळीला जास्त जाणं, जेवणात सगळ्यांचं झाल्यावर उरलं तेवढं खाणं, यांतून लोह घटतं आणि केसांवर उमटतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड, या रक्ताच्या तपासण्यांतून जे कळतं ते कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

खानापूरकडून बेळगावला या किंवा निपाणीकडून कोल्हापूर-मिरजेला जा, त्वचारोगतज्ज्ञाकडं जाताना आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल लावू नका. तेलाखाली खपल्या आणि लाली झाकली जाते, भिंगातून मुळं नीट दिसत नाहीत. गेल्या सहा महिन्यांत आलेला ताप, बाळंतपण, बदललेली औषधं एका कागदावर लिहून न्या.